पहिली भाषा मराठी : एका सत्रासाठी परदेशी इंग्रजी शिकवायला जाताना

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारी महिन्यात, दहावीच्या सराव परीक्षा सुरू असताना, आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचा मला दूरध्वनी आला. पाचवीपासून दहावीपर्यंत ती आपल्या वसतिगृहात राहिली. पुढे इंग्रजी विषय घेऊन एम. ए., बी. एड. झाली आणि एका खासगी शाळेत शिकवू लागली. “सर, जय भीम. एक विचारायचं होतं,” असे म्हणून ती थोडा वेळ थांबली. थायलंडमधील शाळांत एका सत्रासाठी इंग्रजी शिकवायला जाण्याचे तिने ठरविले होते. अर्ज पाठविणाऱ्या मध्यस्थाने तिला दोन दुरुस्त्या सुचविल्या होत्या. ‘पहिली भाषा’ या रकान्यात मराठीच्या जागी इंग्रजी लिहावे, ही पहिली. शालेय शिक्षणाच्या रकान्यातून आपल्या मराठी माध्यमाच्या निवासी शाळेचे नाव गाळावे, ही दुसरी. “सगळेच तसं लिहितात म्हणे, सर. लिहू का?”

मी तिला लगेच उत्तर दिले नाही. संध्याकाळी बोलू, एवढेच सांगितले. इतिहासाच्या शिक्षकाला प्रश्न पडला की तो आधी जुने दाखले शोधतो. मीही तेच केले. त्या संध्याकाळी मी तिला जे सांगितले आणि पुढे तिच्या अनुभवातून मी स्वतः जे शिकलो, ते या लेखात मांडतो आहे. अलीकडे आपले अनेक माजी विद्यार्थी परदेशी अध्यापनाविषयी विचारणा करतात. पालकांच्या मनात त्याबद्दल जितकी उत्सुकता असते तितकीच भीतीही असते. त्यांना या लेखाचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

काम नेमके काय असते?

थायलंडमध्ये शालेय वर्षाची दोन सत्रे असतात. पहिले सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते आणि दुसरे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. परदेशी शिक्षकांशी बहुधा वर्षभराचा करार होतो. परंतु एखादी जागा मध्येच रिकामी झाली किंवा शाळेची गरजच तेवढी असली तर एका सत्राचा करारही होतो. इंग्रजी तेथे पहिलीपासून शिकविले जाते. आपल्याकडेही मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 सालापासून पहिलीत इंग्रजी आले, हे वाचकांना आठवत असेल. तेथील प्राथमिक टप्प्याला ‘प्रथोम’ आणि माध्यमिक टप्प्याला ‘मत्थयोम’ म्हणतात. हे शब्द आपल्या ‘प्रथम’ आणि ‘मध्यम’ या शब्दांची भावंडे आहेत.

परदेशी शिक्षकाकडे बहुधा संभाषणाचा तास दिला जातो. व्याकरण आणि परीक्षा हे थाई शिक्षक पाहतात. त्यामुळे एक साधा हिशेब आधीच मांडून ठेवावा. आठवड्याला वीस तास आहेत आणि प्रत्येक वर्गाला एकच तास आहे असे धरू. वर्गात चाळीस मुले असतील तर एका शिक्षकासमोर आठशे मुले येतात आणि सुट्ट्या वजा जाता प्रत्येक मुलाच्या वाट्याला संपूर्ण सत्रात सतरा-अठरा तास येतात. एवढ्या तासांत कोणीही कोणाला इंग्रजी ‘शिकवू’ शकत नाही. मुलाची भीती घालविणे, कान तयार करणे, चुकत का होईना तोंड उघडायला लावणे एवढे मात्र साधते. जाणाऱ्याने हेच आपले उद्दिष्ट ठेवावे. त्याहून मोठी स्वप्ने घेऊन गेलेले शिक्षक दुसऱ्याच महिन्यात निराश होतात.

आधी गेलेले शिक्षक

इंग्रजी शिकविण्यासाठी समुद्र ओलांडण्याची प्रथा जुनी आहे आणि तिचा इतिहास निष्कलंक नाही. ऑगस्ट 1901 मध्ये ‘थॉमस’ नावाचे अमेरिकन लष्करी वाहतुकीचे जहाज सुमारे पाचशे शिक्षकांना घेऊन मनिलाच्या बंदरात आले. फिलिपिन्स बेटे अमेरिकेने नुकतीच ताब्यात घेतली होती आणि तेथील युद्ध अजून पुरते शमले नव्हते. सैनिकांच्या पाठोपाठ शिक्षक आले आणि इंग्रजी ही शाळांची भाषा झाली. या शिक्षकांना पुढे त्या जहाजावरून ‘थॉमसाइट्स’ हे नाव पडले. त्यांच्यातील कित्येकांनी मनापासून शिकविले, काही जण रोगराईत तेथेच मरण पावले. तरीही त्यांच्या हातातील पुस्तकामागे सत्तेची बंदूक उभी होती, हे इतिहासाला विसरता येत नाही.

सयाम, म्हणजे आजचे थायलंड, कोणत्याही युरोपीय सत्तेची वसाहत झाले नाही. तेथे राजानेच इंग्रजीचा शिक्षक बोलावून घेतला. राजा मोंगकुट हा सिंहासनावर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे भिक्खू होता. पालीचा तो विद्वान होता. इंग्रजीही शिकलेला होता. भोवतालच्या देशांवर इंग्रज आणि फ्रेंच यांची पकड बसत असताना त्यांची भाषा आपल्या मुलांना यायलाच हवी, हे त्याने ओळखले. आधी मिशनऱ्यांच्या पत्नी राजवाड्यात शिकवायला येत. परंतु त्या भाषेबरोबर धर्मप्रचारही करू लागल्या. म्हणून 1862 मध्ये सिंगापूरहून नवी शिक्षिका बोलावताना त्याने पत्रातच स्पष्ट केले, की इंग्रजी भाषा, विज्ञान आणि वाङ्मय शिकवावे, धर्मांतर करू नये. भाषा घ्यावी, पण तिच्याबरोबर येणारी गुलामी घेऊ नये, हा विवेक त्या राजाने दाखविला.

ही शिक्षिका म्हणजे ॲना लिओनोवेन्स. ती 1867 पर्यंत बँकॉकच्या राजवाड्यात शिकवीत होती. पुढे राजा झालेला आणि आपल्या देशातील गुलामगिरीची प्रथा टप्प्याटप्प्याने नष्ट करणारा चुलालोंगकोर्न हा तिच्या विद्यार्थ्यांपैकी एक. परदेशी जाऊन इंग्रजी शिकविणाऱ्यांमध्ये जगाला सर्वाधिक ठाऊक असलेले नाव बहुधा तिचेच असेल, कारण तिच्या आठवणींवरून पुढे कादंबरी, नाटक आणि चित्रपट झाले.

आपण वेल्समधील कार्नार्व्हन येथे 1834 साली एका कॅप्टनच्या घरी जन्मलो, असे ॲना आयुष्यभर सांगत राहिली. 1915 मध्ये ती मॉन्ट्रियल येथे मरण पावली तोपर्यंत कोणालाही संशय आला नाही. 1970 च्या दशकात डब्ल्यू. एस. ब्रिस्टो या ब्रिटिश अभ्यासकाने जन्मनोंदी तपासल्या, तेव्हा वेल्समध्ये तिचा मागमूस लागला नाही. मागमूस लागला तो आपल्या मराठी मुलखात! ॲना 1831 च्या नोव्हेंबरमध्ये अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे जन्मली होती. तिचे वडील कंपनी सरकारच्या फौजेत साधे सार्जंट होते आणि तिच्या जन्मापूर्वीच वारले होते. तिची आजी भारतीय किंवा मिश्र वंशाची असावी, असे तिचे चरित्रकार मानतात. 1849 च्या डिसेंबरमध्ये तिचा विवाह झाला, तोही पुण्यात.

तिने हे का लपविले असेल? त्या काळी भारतात जन्मलेल्या, मिश्र रक्ताच्या, शिपायाच्या मुलीला ‘इंग्लिश गव्हर्नेस’ म्हणून कोणी उभे केले नसते. तिचे इंग्रजी तेच राहिले असते, शिकविण्याची हातोटीही तीच राहिली असती. परंतु जन्माच्या रकान्यात अहमदनगर लिहिल्याबरोबर तिची किंमत उतरली असती. म्हणून तिने रकाना बदलला. त्यानंतर तिला सख्ख्या बहिणीशीही संबंध तोडावे लागले. लपविलेला जन्म एकदाच लपवून भागत नाही, तो रोज लपवावा लागतो.

त्याच 1831 सालच्या जानेवारीत नायगाव येथे सावित्रीबाईंचा जन्म झाला होता. अध्यापनाचे प्रशिक्षण सावित्रीबाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे घेतल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. ॲनाचे पुण्यात लग्न झाले त्याच्या आदल्याच वर्षी, 1848 मध्ये, फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली होती. एकाच वर्षी, एकाच मुलखात जन्मलेल्या या दोन शिक्षिका. एकीने जन्म लपवून राजवाड्यात शिकविले. दुसरीने आपला जन्म उघड्या माथ्यावर वाहिला, दगड-शेण झेलले आणि अंगणातल्या मुलींना शिकविले. ॲनाला दोष देण्यासाठी मी ही तुलना करीत नाही. ती एकटी विधवा होती, दोन मुले पदरी होती, पोट भरायचे होते. दोष त्या रकान्याचा आहे.

जन्माचा रकाना आजही आहे

आजच्या जाहिराती पाहाव्यात. ‘फक्त मातृभाषिक इंग्रजी शिक्षक’ ही अट त्यांत सर्रास आढळते. मातृभाषिक कोणाला म्हणायचे, हे पुष्कळदा पारपत्रावरून ठरते. दक्षिण कोरियात इंग्रजी अध्यापनाचा व्हिसा प्रामुख्याने सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यात 2010 पासून अमलात आलेल्या आर्थिक करारामुळे प्रशिक्षित भारतीय शिक्षकांसाठी तेथे एक फट उघडली, पण ती फटच. थायलंडमध्ये कायद्याने भारतीयांना मज्जाव नाही. मात्र इतर देशांच्या शिक्षकांकडून इंग्रजीच्या चाचणीचा दाखला मागितला जातो, जो त्या मोजक्या देशांच्या नागरिकाला द्यावा लागत नाही. अर्जाबरोबर छायाचित्र मागण्याची तेथे पद्धत आहे. गोऱ्या कातडीचा पदवीधर आणि सावळ्या कातडीचा प्रशिक्षित शिक्षक यांत पहिल्याला जास्त पगार मिळाल्याची उदाहरणे तेथे काम केलेला कोणीही सांगेल. बौद्ध देश आहे म्हणून तेथे असे काही नसेल, अशा समजुतीत आपल्या मुलांनी जाऊ नये. रंग उजळविणाऱ्या मलमांची दुकाने तेथेही थाटलेली आहेत.

विद्वानांनी या अटीचा पाया केव्हाच उखडला आहे. 1961 मध्ये युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनाविषयी परिषद भरली होती. आदर्श शिक्षक हा मातृभाषिकच असतो, ही समजूत त्या परिषदेनंतर पक्की झाली, असे रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 च्या ग्रंथात दाखवून दिले आणि तिला सरळ ‘भ्रम’ म्हटले. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी भारतासारख्या देशांतील इंग्रजी ही सदोष नक्कल नसून ती इंग्रजीचीच एक स्वतंत्र परंपरा आहे, अशी मांडणी केली. हंगेरीचे पीटर मेद्यश यांनी तर पुढे जाऊन सांगितले, की ज्याने स्वतः धडपडून इंग्रजी मिळविले आहे त्याला विद्यार्थी कोठे अडखळणार हे आधीच ठाऊक असते. ज्याला ती आईच्या मांडीवर मिळाली त्याला ते ठाऊक नसते.

आपल्या वाचकांना हा युक्तिवाद नवा वाटू नये. पात्रता बाजूला ठेवून जन्म विचारणारी व्यवस्था आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. 1917 साली बाबासाहेब परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. हा प्रसंग त्यांनी ज्या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला, त्यांचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ती टिपणे अवश्य वाचावीत. नाइलाजाने नाव बदललेल्या त्या तरुणाने पुढे आयुष्यभर आपला जन्म लपविला नाही. तो पुढे करूनच त्याने न्याय मागितला.

संध्याकाळी मी तिला हे सारे सांगितले आणि शेवटी म्हटले, “बेटा, पोट तुझं आहे, निर्णयही तूच घे. पण तिथं गेल्यावर एखाद्या मुलानं विचारलं, बाई, तुम्ही इंग्रजी कसं शिकलात, तर तू काय सांगशील?” पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

मराठी शिक्षकाची शिदोरी

तिने रकान्यात मराठीच लिहिले आणि शाळेचे नावही ठेवले. मध्यस्थाने अंग काढून घेतले. दोन शाळांकडून उत्तरच आले नाही. तिसऱ्या शाळेने इंटरनेटवरून मुलाखत घेतली, दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला लावला आणि करार पाठविला. ही शाळा ईशान्येकडील उबोन राचथानी प्रांतात होती. ‘राचथानी’ म्हणजे राजधानी, आणि ‘उबोन’ हे पालीतील ‘उप्पल’, म्हणजे कमळ.

त्या प्रदेशाला इसान म्हणतात. तेथील मुलांच्या घरची बोली लाओ भाषेची सख्खी बहीण आहे. शाळेत मात्र बँकॉककडील प्रमाण थाई चालते आणि इसानी उच्चारांची चेष्टा होते. म्हणजे त्या मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा. आमची विद्यार्थिनीही घरी वऱ्हाडी बोलत वाढलेली, शाळेत प्रमाण मराठीला बिचकलेली आणि मग इंग्रजीला सामोरी गेलेली. पहिल्या तासाला तिने फळ्यावर तीन पायऱ्या काढल्या आणि सर्वांत खालच्या पायरीवर आपल्या बोलीचे नाव लिहिले. मग मुलांना त्यांच्या पायऱ्या भरायला सांगितल्या. मुलांनी खालच्या पायरीवर आपल्या बोलीचे नाव लिहावे की नाही, म्हणून आधी थाई शिक्षिकेकडे पाहिले. मातृभाषिक शिक्षकाला हा पाठ घेता आला नसता.

भाषेची काही तयारी येथूनच करून जाता येते. थाई क्रियापद काळानुसार बदलत नाही; ‘लॅव’ हा शब्द जोडला की क्रिया होऊन गेली असे समजते. म्हणून ‘काल मी जातो’ अशा अर्थाचे इंग्रजी मुले बोलतात. नामाचे अनेकवचन होत नाही, म्हणून शेवटचा ‘स’ गळतो. शब्दाच्या अखेरीस ‘ल’ किंवा ‘स’ हे ध्वनी थाईत टिकत नाहीत; ‘बॉल’ चा ‘बॉन’ होतो. ‘र’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होते. यांवर हसणाऱ्या शिक्षकाने ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणणारी आपली मुले आठवावीत. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीतही नाहीत आणि थाईतही नाहीत. ती कोठे लावायची हे आपण कसे शिकलो, ते आपल्याला आठवते. तेच मुलांना सांगावे. आपल्या उच्चारांतील उणिवाही आधी ओळखाव्यात. इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण एकाच ‘व’ने उच्चारतो, ‘टी’ आणि ‘डी’ यांचा कठोर ‘ट’, ‘ड’ करतो. जाण्यापूर्वी महिनाभर आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा.

थाई लिपी ब्राह्मीच्याच वंशातील आहे. तिच्यात चव्वेचाळीस व्यंजने आहेत, भाषेत पाच सूर आहेत आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे ती एका सत्रात येत नाही. परंतु ऐकताना ओळखीचे शब्द भेटत राहतात. भाषेला ‘फासा’, गुरूला ‘ख्रू’, आचार्याला ‘आचान’, देशाला ‘प्रथेत’. शिक्षकांच्या परिषदेचे नाव ‘खुरुसफा’, म्हणजे गुरुसभा. कागदपत्रांवर बुद्धवर्ष असते : इसवी सन 2025 च्या जागी तेथे 2568 लिहिलेले दिसते. पगारपत्रकावर बुद्धवर्ष पाहून आमच्या विद्यार्थिनीने मला त्याचे छायाचित्र पाठविले होते.

कागद पक्के, मग पाऊल

पालकांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. अध्यापनासाठी पदवी लागते, बी. एड. असल्यास बाजू भक्कम होते. पदवीचे रीतसर साक्षांकन, पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला आणि इंग्रजी चाचणीचा दाखला यांना वेळ लागतो, म्हणून किमान चार महिने आधी सुरुवात करावी. शाळेचे पत्र घेऊन थाई वकिलातीकडून ‘नॉन-इमिग्रंट बी’ प्रकारचा व्हिसा येथूनच मिळवावा. तेथे गेल्यावर कामाचा परवाना आणि खुरुसफाची अनुमती शाळेमार्फत घ्यावी लागते. दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता तेथील कार्यालयाला कळवावा लागतो.

‘आधी पर्यटक म्हणून या, कागद नंतर करू’ असे कोणी म्हणाले तर तेथेच थांबावे. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर काम करणे हा तेथे गुन्हा आहे आणि पकडला जातो तो शिक्षक. याहूनही मोठा धोका आहे. थायलंडमध्ये नोकरी देतो म्हणून नेलेल्या अनेक भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावड्डी भागात डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपण्यात आले. परराष्ट्र मंत्रालयाने 2022 च्या सप्टेंबरमध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. 2025 च्या मार्चमध्ये अशा शेकडो तरुणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. इंग्रजी येणारी, शिकलेली, बेरोजगार मुले हेच या टोळ्यांचे सावज असते. म्हणून मध्यस्थाची नोंदणी शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासावी. शाळेशी थेट बोलावे. तेथील एखाद्या शिक्षकाशी चित्रसंवाद करावा. करारात पगार, तासांची संख्या, निवास आणि परतीचा खर्च लिहिलेला असावा. मूळ पारपत्र कोणाच्याही स्वाधीन करू नये. कागदांच्या प्रती घरी ठेवाव्यात आणि पोहोचल्यावर भारतीय दूतावासात नोंद करावी.

पाहुण्याने पाहुणेपण राखावे

ॲनाच्या चरित्रातून आणखी एक धडा घ्यावा. परत आल्यावर तिने राजवाड्याचे जे वर्णन लिहिले त्यात राजा क्रूर आणि हास्यास्पद दिसतो, शिक्षिका मात्र ज्ञानाची पणती घेऊन आलेली दिसते. त्यावरून झालेल्या चित्रपटांवर थायलंडमध्ये बंदी आली. आपल्याविषयी जगाने असे लिहिले तेव्हा आपल्याला जे वाटले, तेच त्यांना वाटले. शिक्षकाने यजमानांच्या उणिवांची जत्रा मांडू नये.

तेथे डोक्याला स्पर्श करणे अनुचित मानतात. वर्गात मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरविण्याची आपली सवय आवरावी. पाय कोणाकडे रोखू नयेत. राजघराण्याविषयी बोलू नये; त्याबाबतचा कायदा कडक आहे. मुले प्रश्न विचारीत नाहीत, याचा अर्थ त्यांना समजले असा होत नाही. समोरच्याला त्रास नको या संकोचाला तेथे ‘क्रेंग चाय’ म्हणतात. तो संकोच आपल्या वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर मी दरवर्षी पाहतो.

पहिल्या सत्रात, बहुधा जूनच्या एखाद्या गुरुवारी, ‘वाय ख्रू’ हा गुरुवंदनेचा सोहळा होतो. मुले गुडघ्यांवर पुढे सरकत शिक्षकांना फुले देतात. त्यांत वांग्याचे फूल असते, कारण ते खाली झुकते. आणि हरळी असते, कारण ती पसरत जाते. आमच्या विद्यार्थिनीने त्या रात्री मला लिहिले, “सर, मुलं गुडघ्यांवर येताना बघवत नव्हतं. आपल्या शाळेत कोणाच्या पाया पडायचं नाही असं तुम्हीच शिकवलंत.” मी तिला लिहिले, की त्यांचा मान नाकारू नकोस, तो त्यांच्या रीतीने आलेला आहे, तू तुझ्या रीतीने परत कर. दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची बाजूला सारून मुलांबरोबर जमिनीवर बसून संभाषणाचे तास घेऊ लागली. ते मुख्याध्यापकांना रुचले नाही. आठवड्यातून एका तासापुरती ती मोकळीक त्यांनी पुढे दिली.

परत आल्यावर

ऑक्टोबरमध्ये ती परतली. साठलेले पैसे फार नव्हते; विमानाचे भाडे आणि कागदपत्रांचा खर्च वजा जाता हाती थोडेच उरले. एका सत्राच्या कामातून श्रीमंती येत नाही, हे पालकांनी समजून असावे. दोन वर्गांत आपला प्रयत्न फसला, असेही तिने मला मोकळेपणाने सांगितले. मागच्या बाकांवरील मुले अखेरपर्यंत बोलली नाहीत. मात्र आता ती आपल्या जिल्ह्यातील शाळेत इंग्रजी शिकविताना फळ्यावर त्या तीन पायऱ्या काढते आणि वर्गातील वऱ्हाडी, गोंडी, बंजारा बोली बोलणारी मुले आपापल्या पायऱ्या भरतात.

तिच्या अर्जाची एक प्रत मी आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील फाइलमध्ये ठेवली आहे. त्यात ‘पहिली भाषा’ या रकान्यासमोर मराठी लिहिलेले आहे आणि खाली आपल्या शाळेचे पूर्ण नाव आहे. परदेशी अध्यापनाचा अर्ज करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी तो पाहण्यासाठी अवश्य यावे. कागदपत्रे तपासून द्यायला आणि नमुना पाठ ऐकायला रविवारी सकाळी मी शाळेत असतो. येताना आपला अर्ज कोरा आणावा. जन्माचा आणि भाषेचा रकाना आपण दोघे मिळून, आहे तसा भरू.